आधी रॅम, मग बाकीचं

अँड्रॉइड स्टुडिओच्या वरच्या पट्टीत एक हिरवा त्रिकोण असतो. तो दाबला की लिहिलेलं ॲप तयार होतं आणि थोड्या वेळाने फोनच्या पडद्यावर उघडतं. बाहेरून एवढंच दिसतं. त्या थोड्या वेळात कॉम्प्युटरच्या मेमरीत कोण कोण जागा धरून बसलंय, हे एकदा नीट मोजलं की ॲप बनवायला कोणता लॅपटॉप घ्यावा या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं.

पहिला हिस्सेदार अँड्रॉइड स्टुडिओ स्वतः. जेटब्रेन्स कंपनीच्या ‘इंटेलिजे आयडिया’वर उभं राहिलेलं हे सॉफ्टवेअर अवजड आहे. प्रकल्प उघडला की ते सगळ्या फाइली वाचून त्यांची सूची करतं आणि दीड-दोन जीबी सहज घेतं. दुसरा हिस्सेदार ग्रेडल. कोडचं ॲप करायचं काम, म्हणजे बिल्ड, याचं. दर वेळी शून्यापासून सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून काम नसलं तरी हा तीन तास मेमरी सोडत नाही. नव्या प्रकल्पात त्याला २०४८ एमबीपर्यंत जागा घ्यायची मुभा आधीच लिहून दिलेली असते. तिसरा कॉटलिन या भाषेचा कंपायलर, तो वेगळा चालतो. चौथा इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा एक अख्खा अँड्रॉइड फोन. त्या फोनला दोन जीबी रॅम दिली तर कॉम्प्युटरची दोन जीबी जातेच, वर थोडी आणखी. मग विंडोज. आणि शेवटी क्रोम, कारण शंका विचारायला आणि व्हिडिओ बघायला दहा-बारा टॅब उघडे ठेवल्याशिवाय आजवर कुणी ॲप लिहिलेलं नाही.

बेरीज केली तर आठ जीबीचा उंबरठा केव्हाच ओलांडलेला असतो. गूगलही आता हेच सांगते: नुसत्या अँड्रॉइड स्टुडिओसाठी किमान ८ जीबी, इम्युलेटर चालवायचा तर किमान १६, आणि शिफारस ३२ जीबीची. यातली शिफारस गूगलच्या इंजिनिअरांनी आपल्या टेबलावरचं यंत्र बघून केली असावी असं मला वाटतं. शिकणाऱ्याला किंवा एकट्याने छोटं ॲप करणाऱ्याला ३२ ची गरज नाही. १६ मात्र हवेतच.

रॅम कमी पडली की कॉम्प्युटर बंद पडत नाही, म्हणून ही गोष्ट दुकानात लक्षात येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीतला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. ही ने-आण रॅमच्या तुलनेत कितीतरी संथ असते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला शंभर-दीडशे ठिकाणांहून वाचता येतं. साधी सॅटा एसएसडीही हेच काम हजारोंच्या हिशोबात करते. बिल्डच्या वेळी असंख्य बारीक बारीक फाइली उघडमीट होत असल्यामुळे नेमका हाच फरक अंगावर येतो. म्हणून हार्ड डिस्कवर ॲप करायचा विचारच सोडावा. एसएसडी सॅटा घ्यावी की एनव्हीएमई हा वाद त्यापुढे किरकोळ आहे. एनव्हीएमईचा जाहिरातीतला वेग मोठ्या फाइली कॉपी करताना दिसतो, बिल्डमध्ये तितका नाही. एसएसडीचा आकार मात्र बघावा. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीची प्रतिमा, प्रत्येक इम्युलेटर आणि ग्रेडलचा साठा काही काही जीबी घेतो, आणि तो साठा आपोआप वाढत राहतो. २५६ जीबीवर वर्षभरात साफसफाई करायची वेळ येते; ५१२ असली की निवांतपणा.

आता दुकानात काय होतं ते बघू. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात किंवा ऑनलाइन विक्रीची पानं चाळलीत, तर माल प्रोसेसरच्या नावाने विकला जातो. “आय-सेव्हन घ्या सर, फ्युचर प्रूफ आहे.” इथे थोडं थांबून आकडे बघायला हवेत, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. इंटेलचा आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू हे दोन्ही बाराव्या पिढीतले. दोन्हींत दहा कोअर, त्यातले दोन ताकदीचे आणि आठ काटकसरीचे. कॅशही दोन्हींत १२ एमबी. कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.७. चिकटपट्टीवरच्या पाचाच्या जागी सात येण्यासाठी जे काही हजार मोजावे लागतात त्यांत रॅम आठाची सोळा झाली असती, आणि तो फरक बिल्डच्या वेळी खरोखर जाणवला असता.

एएमडीच्या बाबतीत सापळा याहून बेमालूम आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावं शेजारी ठेवली तर दहाचा फरक दिसतो. प्रत्यक्षात त्या मालिकेत तिसरा अंक चिपची रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. पहिल्यात ‘झेन २’ ही २०१९ ची रचना आणि चार कोअर. दुसऱ्यात ‘झेन ३’ आणि सहा कोअर. शिवाय ७५२०यूला लागणारी मेमरी बोर्डावर सोल्डर केलेलीच येते. आठ जीबीचा घेतला तर तो मरेपर्यंत आठचाच. स्वस्त लॅपटॉपच्या यादीत हा प्रोसेसर भरपूर दिसतो, नाव नव्या पिढीचं असतं, आणि घेणाऱ्याला वाटतं की पुढे कधीतरी रॅम वाढवू.

सोल्डर केलेली रॅम हा पातळ लॅपटॉपांचा सर्वसाधारण रोग आहे. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: रॅमचा स्लॉट आहे का, आणि असल्यास एक की दोन? विक्रेत्याला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं तांत्रिक पत्रक असतं, त्यात हे लिहिलेलं असतं. ‘आज आठ घेऊ, पुढच्या वर्षी वाढवू’ हा बेत मात्र सध्या जरा जपून करावा. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की सुट्या रॅमचे भाव चढले, आणि त्या डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत आधीपासून १६ जीबी घातलेलं यंत्र काही हजारांनी महाग वाटलं तरी बहुतेक वेळा तेच परवडतं.

ग्राफिक्स कार्डाचं काय? काही नाही. थ्रीडी गेम बनवणार नसाल तर ॲपच्या कामात वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला फारसं काम नसतं. इम्युलेटरचा पडदा रंगवायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. गेमिंग लॅपटॉपांचा एक फायदा मान्य करायला हवा. त्यांतले ‘एच’ अक्षराचे प्रोसेसर जास्त वीज घेऊन वेग टिकवून धरतात आणि पंखेही मोठे असतात. पण तो लॅपटॉप पाठीवर घेऊन एसटीने ये-जा करायची आणि कॉलेजात चार तास बॅटरीवर काढायचे, हे गणित जमत नाही.

२०२४ पासून बाजारात आलेल्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपांबद्दल एक सावधगिरी. बॅटरी उत्तम, पण ते आले तेव्हा अशा यंत्रांना अँड्रॉइड स्टुडिओचा अधिकृत पाठिंबा नव्हता. फोनमध्येही स्नॅपड्रॅगन आणि लॅपटॉपमध्येही स्नॅपड्रॅगन, म्हणजे जोडी जमणार असं कुणालाही वाटेल. पण त्यावर विसंबू नये, घेण्याआधी अँड्रॉइडच्या अधिकृत पानावरची आवश्यकतांची ताजी यादी वाचावी.

आता मेमरीच्या चौथ्या हिस्सेदाराकडे, इम्युलेटरकडे वळतो, कारण खर्च वाचवायची सगळ्यात मोठी जागा तिथे आहे.

इम्युलेटर वेगाने चालायला प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू असावी लागते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात. एएमडीच्या यंत्रांत बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, ती बहुधा ‘एसव्हीएम’ या नावाने असते. बऱ्याच यंत्रांत ती मुळात बंद असते आणि लोक ‘लॅपटॉप स्लो आहे’ म्हणून नवा घ्यायला निघतात. जुन्या व्हिडिओंत इंटेलचं ‘हॅक्सम’ बसवायला सांगतात, तिकडे लक्ष देऊ नये; इंटेलने ते २०२३ मध्ये थांबवलं. आता विंडोजमधली ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’ ही सोय चालू केली की भागतं. लिनक्सवर केव्हीएम आहेच.

पण इम्युलेटर लागतोच कशाला? खिशात अँड्रॉइड फोन असतो. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची आणि हिरवा त्रिकोण दाबायचा. ॲप थेट फोनवर. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही हे होतं. इम्युलेटरने घेतलेली दोन-तीन जीबी तिथल्या तिथे मोकळी होते. आठ जीबीचा लॅपटॉप आधीच घरात असेल, तर नवा घेण्याआधी हा एवढा एक बदल करून बघावा. फोनचा पडदा लॅपटॉपवर बघायचा असेल तर ‘एससीआरसीपीवाय’ नावाचं मोफत साधन आहे, तेही हलकं. अडचण बहुतेक वेळा केबलची येते. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. शाओमीच्या फोनांवर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ हा आणखी एक पर्याय चालू करावा लागतो.

यात पैशापलीकडचाही फायदा आहे. इम्युलेटरमधलं अँड्रॉइड गूगलचं, कोरं असतं. लोकांच्या हातातले फोन तसे नसतात. शाओमी, ओप्पो, विवो यांच्या फोनांवर बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली ॲप्स सरसकट थांबवली जातात, आणि सकाळी सहाची आठवण देणारं तुमचं ॲप इम्युलेटरवर वेळेवर वाजतं, शेजारच्या काकूंच्या फोनवर वाजतच नाही. मराठी मजकुराचंही तेच. ज्येष्ठ माणसं अक्षरं मोठी करून ठेवतात, आणि ‘नोंदणी पूर्ण करा’ हे बटण लहान पडद्यावर दोन ओळींत मोडतं. म्हणून माझं मत असं की हार्डवेअरच्या बजेटमध्ये दोन किंवा तीन जीबी रॅमचा एक जुना फोन धरावा. घरातल्या ड्रॉवरात तो बहुधा पडलेलाच असतो. काच तडकलेली असली तरी चालते.

सॉफ्टवेअरच्या बाजूनेही भार हलका करता येतो. फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह यांपैकी एखादी ॲप बनवायची चौकट वापरणाऱ्याने संपादक म्हणून व्हीएस कोड घेतला, तर पूर्ण अँड्रॉइड स्टुडिओ सतत उघडा ठेवावा लागत नाही; त्याच्याबरोबर येणारी साधनं तेवढी बसवलेली असली की पुरतं. या दोन्हींत कोड बदलला की पूर्ण बिल्ड न करता तो बदल चालू ॲपमध्ये काही क्षणांत दिसतो. विंडोज डिफेंडर प्रत्येक बारीक फाइल तपासत बसतो, तेव्हा प्रकल्पाचा आणि ग्रेडलचा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळावा. स्टुडिओ स्वतःच तसं सुचवतो, आणि आपण ती सूचना न वाचता बंद करतो. उबुंटू लिनक्सची सवय करून घेतली तर जुन्या यंत्राला बऱ्यापैकी दम येतो.

यानंतरचा प्रश्न नवा की वापरलेला. माझा कल उघडपणे वापरलेल्याकडे आहे, पण कुठलाही वापरलेला नव्हे. आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप एकगठ्ठा बदलतात आणि ते रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही त्यांतली तीन घराणी. ही यंत्रं कार्यालयांसाठी बनलेली असतात: कळफलक टिकाऊ, तळाचे स्क्रू काढले की आतलं सगळं समोर, सुटे भाग सहज मिळणारे. थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ या तिघांतही रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०च्या नावाला शेवटी ‘एस’ लागला की मात्र एक पट्टी सोल्डर केलेली निघते.

या खरेदीत एक रेघ पक्की ठेवावी: इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची. दोन कारणं आहेत. सातव्या पिढीतल्या आय५-७२००यूमध्ये दोनच कोअर होते, आठव्या पिढीतल्या आय५-८२५०यूमध्ये चार झाले. लॅपटॉपांत एका पिढीत एवढी उडी क्वचितच पडली आहे. दुसरं म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालतं, आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीचा ढीग त्यामुळेच स्वस्तात निघालाय. लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, तरी दोन कोअर ते दोनच.

घेताना दुकानातच बायॉस उघडून बघावं. त्याला पासवर्ड असेल तर व्हर्च्युअलायझेशन चालू करता येणार नाही. विंडोज नव्याने बसवताना ते जुन्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागत असेल तर त्या यंत्राची नोंद अजून त्या कंपनीकडे आहे. कितीही स्वस्त असलं तरी हात लावू नये. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहावी. निम्म्यावर आलेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्यावेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत साधन पेनड्राइव्हवर नेलं की एसएसडी किती झिजली आहे तेही कळतं. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान आहेच, रस्ता मोठा आहे.

ज्यांना फिरायचं नाही, एका जागी बसून काम करायचं आहे, त्यांनी लॅपटॉपच का घ्यावा हे मला कळत नाही. कार्यालयांतून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात: डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. जाड पुस्तकाएवढा आकार, आणि आठव्या पिढीच्या आय५-८५००टीमध्ये सहा कोअर. ज्या पैशात चार कोअरचा वापरलेला लॅपटॉप येतो साधारण त्याच पैशात हा आणि वर एक जुना मॉनिटर बसतो. मोठ्या पडद्यावर कोड आणि डिझाइन शेजारी शेजारी बघता येणं हे सुखही मिळतं. विजेचा प्रश्न येतो. तालुक्याच्या गावी दुपारी दोन तास लाइट गेली की लॅपटॉपवाला काम करत राहतो. पण हे डबे वीज कमी घेतात, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतात, फक्त लाइट जाताना झटका बसू नये म्हणून छोटा यूपीएस हवा. बिल्ड चालू असताना वीज गेली तर फार काही बिघडत नाही, पुन्हा बिल्ड करायचं. एसएसडीला असे झटके वारंवार बसणं मात्र बरं नव्हे.

आयफोनचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे पर्याय कमी आहेत. आयफोनचं ॲप तयार करायला एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. फ्लटरमध्ये लिहिलेलं असलं तरी शेवटची पायरी मॅकवरूनच. यामुळे ओएलएक्सवर दहा-बारा वर्षांचा मॅकबुक एअर बघून मोह होतो. तो टाळावा. २०१५ आणि २०१७ चे एअर अधिकृतपणे मॅकओएस मॉन्टेरीपर्यंतच जातात. एप्रिल २०२५ पासून ॲप स्टोअर एक्सकोड १६ ने केलेलीच ॲप्स घेऊ लागलं, आणि त्याला मॅकओएस सोनोमा १४.५ तरी लागतं. त्यानंतरच्या अटी याहून वरच्याच असतात हे धरून चालावं. मॅकओएस २६ ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, हे ॲपलनेच सांगितलं आहे, तेव्हा वापरलेला घ्यायचा तर ॲपलच्या एम१ प्रोसेसरचा किंवा त्यापुढचा.

नव्यात सगळ्यात परवडणारा मार्ग म्हणजे मॅक मिनी. २०२४ च्या अखेरीस एम४ चा मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, विद्यार्थ्यांसाठी ४९,९०० ला, आणि पहिल्यांदाच सगळ्यात स्वस्त प्रकारात १६ जीबी रॅम होती. मॉनिटर, कळफलक, माउस आपले. मूळ साठा २५६ जीबीचा, तो बाहेरची एसएसडी लावून निभावतो. एक गोष्ट मॅकच्या बाजूने सांगायला हवी: आयफोनचा सिम्युलेटर अँड्रॉइडच्या इम्युलेटरसारखा अख्खा फोन उभा करत नाही, ॲप मॅकच्याच प्रोसेसरसाठी तयार करून चालवतो. त्यामुळे आठ जीबीच्या एम१ एअरवरही आयफोनचं ॲप शिकणं सुसह्य होतं. त्याच एअरवर अँड्रॉइड स्टुडिओ आणि इम्युलेटर लावला की मात्र तो धापा टाकतो.

वर्षातून दोनदाच आयफोनचं बिल्ड करायचं असेल तर मॅक घेऊच नये. कोडमॅजिक, गिटहब ॲक्शन्स, एक्स्पोचं ईएएस अशा सेवा दूरच्या मॅकवर बिल्ड करून देतात. त्यांचा मोफत वाटा छोट्या कामाला पुरण्यासारखा असतो, पण गिटहबवर मॅकचं एक मिनिट कोट्यातली दहा मिनिटं खातं हे लक्षात ठेवावं. दोष शोधताना मात्र समोर मॅक नसला की डोळे बांधून काम केल्यासारखं होतं.

यंत्राच्या पलीकडचा खर्चही धरून ठेवावा. ॲपलचं डेव्हलपर सदस्यत्व वर्षाला ९९ डॉलर. ते न घेता स्वतःच्या आयफोनवर ॲप चढवता येतं, पण सात दिवसांनी ते पुन्हा चढवावं लागतं. गूगल प्लेची नोंदणी एकदाच, २५ डॉलरची. नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बारा जणांनी ते चौदा दिवस सलग चाचणीत ठेवलं पाहिजे. सुरुवातीला हा आकडा वीस होता. लॅपटॉप कितीही भारी घेतला तरी हे काम तो करून देत नाही. हे बारा फोन ओळखीपाळखीत आधीच हेरून ठेवावेत, आणि मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे निवडावेत. त्यातला एक तरी काकूंचा असू द्यावा.